हातचं राखून सांगितलेला येसर

बढती माझ्या बायकोला मिळाली आणि बदली झाली माझी, बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात. बँकेच्या परभणीच्या शाखेत रुजू व्हायला ती निघाली त्या सकाळी तिनं मला गॅस पेटवायला शिकवलं, कुकरची खरी शिट्टी आणि नुसती फुसफूस यांतला फरक सांगितला आणि दारात चपला घालता घालता म्हणाली, "अहो, कणीक भिजवताना पाणी बेतानं घाला. टँकर आठवड्यातून दोनदाच येतो."

मी दारात तसाच उभा. सत्तेचाळीस वर्षं या माणसानं ताटावर बसून मीठ कमी आहे की जास्त, एवढंच मत दिलेलं. मुलगी पुण्याला वसतिगृहात. म्हणजे त्या घरात आता स्वयंपाक करणारा मी, खाणारा मी आणि नावं ठेवणाराही मीच. पहिल्या दिवशीचं वरण मी तिन्ही भूमिकांत जगलो. तिसरी भूमिका सगळ्यात चांगली वठली.

त्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडचा पाऊस दारावरून जाणाऱ्या पाहुण्यासारखा झाला होता. "येतो हां," म्हणायचा आणि चहासुद्धा न घेता पुढं सटकायचा. आणि गंमत बघा, पाणी आटत होतं तसं शहर फुगत होतं. पुंडलिकनगरच्या मागं जिथं मी ज्वारी डोलताना पाहिली होती, तिथं आधी चुन्याच्या रेघा आल्या, मग प्लॉटचे दगड, मग चार-चार मजले. प्रत्येक इमारतीनं आधी बोअर मारला, गल्लीभर पांढरी धूळ उडवली आणि मग जिन्याच्या भिंतीवर टँकरवाल्याचा नंबर लिहिला.

माझं स्वयंपाकाचं शिक्षण झालं ते या टँकरच्या रांगेत. रांगेत पंधरा बाया आणि मी. हंडे, ड्रम, बादल्या, रंगाचे रिकामे डबे. टँकर कधी तास उशिरा, कधी तीन तास. तेवढ्या वेळात बायका काय बोलणार? काल काय केलं आणि आज काय करायचं. मी कान टवकारून उभा. पहिल्यांदा त्यांना माझी कीव आली, मग मजा वाटली आणि मग तर शिकवायची चढाओढ लागली. "काका, शेंगदाण्याच्या चटणीत लसूण शेवटी." "काका, वांगं चिरू नका, फोडा." टँकरवाला पाइप सोडून ओरडायचा, "चलो, चलो, रेसिपी बाद में!" आणि मी हंडा सोडून वही काढायचो.

रोज फोनवर वांग्याचं वर्णन ऐकून मुलगी कंटाळली. "बाबा, माझ्या कानापेक्षा इंटरनेटला सांगा," म्हणाली आणि तिनं मला ब्लॉग काढून दिला. मी लिहायला लागलो. रांगेत ऐकलेलं, घरी करून पाहिलेलं, थोडं तिखटमीठ माझ्या पदरचं. आणि लोक वाचायला लागले हो! अमेरिकेत गेलेली बीडची पोरगी, मुंबईत अडकलेला जालन्याचा माणूस, सगळे मला 'काका' म्हणून विचारायला लागले. माझ्या डोक्यात हवा शिरली. पाण्याला मोजमाप होतं, हवेला नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मावशी राहत. मूळच्या देवगाव रंगारीच्या. सलग दोन वर्षं रान पेरताच आलं नाही, तेव्हा मुलानं त्यांना शहरात आणलं. मुलगा वाळूजला कंपनीत, सून खासगी शाळेत शिक्षिका. दिवसभर चार भिंतींत बसून मावशी वैतागल्या आणि त्यांनी येसर करायला घेतला. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले यांचं हे दळलेलं पीठ फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडलं की दाट, खमंग आमटी होते. आमच्याकडं लग्नघरात येसराची आमटी नसेल तर पाहुणे पंगतीतून उठताना एकमेकांकडं बघतात. मावशींचा येसर एका घरातून दुसऱ्या घरात गेला आणि बघता बघता त्यांना मागण्या येऊ लागल्या. गावाकडं रानाच्या धनीण असलेल्या मावशी इथं कुणाच्या तरी आई म्हणून ओळखल्या जात होत्या. येसरानं त्यांना पुन्हा स्वतःची ओळख दिली. गल्लीत कुणी पत्ता विचारला तर लोक त्यांच्या मुलाचं नाव न घेता "येसरवाल्या मावशींची बिल्डिंग" म्हणत. मुलाला ते आवडत नसे. मावशींना फार आवडे.

त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून त्यांचं पाणी मी वर चढवून द्यायचो. मावशींना पाणी लागायचं मात्र भरपूर. रांगेतल्या बाया टोमणे मारायच्या, "मावशी, घरात म्हैस बांधलीय का?"

"व्हय, बांधलीय. तुला धार पाहिजे का?" मावशी तिथल्या तिथं परतवायच्या.

तर एकदा दोन हंडे वर नेऊन दिल्यावर मी धापा टाकत म्हणालो, "मावशी, आता तरी येसर सांगा."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "लिहा भाऊ. ज्वारी चार वाट्या, गहू एक, हरभऱ्याची डाळ एक, तांदूळ अर्धी, उडदाची डाळ मूठभर. धने दोन वाट्या. जिरं, मिरं, लवंगा, दालचिनी, दगडफूल, तमालपत्र. सुकं खोबरं. मिरची ज्याच्या त्याच्या जिभंवर. एकेक जिन्नस येगळा भाजायचा, घाई नाय करायची. थंड झालं की दळायचं."

"आणखी काही?"

"आणखी काय असतंय? हात असतोय."

हे शेवटचं वाक्य तर मी मथळ्यातच टाकलं. फोटोसाठी पितळी वाटी शेजारणीकडून आणली. त्या पानावर जितके लोक आले तितके माझ्या लग्नालाही नव्हते. मी चार दिवस हवेत.

पाचव्या दिवशी रांगेत एक बाई दुसरीला म्हणाली, "आता मावशीकडं मागणी द्यायची गरज नाय बाई. काकांनी सगळं उघडं करून टाकलंय."

माझ्या हातातली बादली खाली पडली. रिकामी होती, नाहीतर गल्लीनं मला जिवंत सोडलं नसतं. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? ज्या बाईकडं या शहरात स्वतःचं म्हणून एवढं एकच होतं, ते मी फोटोसकट जगाला वाटून बसलो होतो. माझ्या वाट्याचं पाणी तसंच उचललं, त्यातला एक हंडा माफीचा नजराणा म्हणून घेतला (त्या वर्षी याहून मोठा नजराणा सोनाराकडंही नव्हता) आणि मावशींचं दार वाजवलं.

"मावशी, माझी चूक झाली. मी ते लिहायला नको होतं. उद्याच काढून टाकतो."

"आधी हंडा ठेवा. आन काढू नका बरं का!" मावशींनी आतल्या खोलीचा पडदा सारला. तिथं ज्वारीची तीन पोती उभी. "तुमी लिहिल्यापास्नं दुप्पट काम हाय. बाया तुमचं बघून करतेत, बिघडतंय, मंग गुमान माझ्याकडं येतेत. आन लाजंनं जास्तच घेतेत."

"बिघडतंय? का बिघडेल?"

"हातचं राखलंय न्हवं म्या."

शाळेत बेरीज करताना हातचा घ्यायला विसरलो की मास्तर कान पिरगाळत. इथं मी निम्म्या महाराष्ट्राला हातचा न घेता बेरीज करायला बसवलं होतं! मला आठवलं, चार दिवस लोक लिहीत होते, "काका, पीठ खाली बसतं आणि पाणी वर तरंगतं." आणि मी विद्वानासारखा उत्तर देत होतो, "ताई, आपलं पातेलं तपासा."

"म्हणजे मावशी, एक जिन्नस तुम्ही गाळला?"

"जिन्नस नाय. गोष्ट." त्यांनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. "भाऊ, तुमाला काय वाटलं, रांगंतल्या बाया तुमाला सगळं सांगतेत? कुणीच सगळं सांगत नसतंय. रीतच हाय ती."

मी घरी येऊन माझा ब्लॉग पहिल्यापासून वाचला. धक्क्यांवर धक्के. शेंगदाण्याची चटणी चौथ्या दिवशी खवट का होते? धपाटं तव्याला का चिकटतं? साठ-सत्तर पदार्थ, आणि प्रत्येकातली एकेक गोष्ट कुठल्या ना कुठल्या घरात राखून ठेवलेली. मी पाककृती लिहीत नव्हतो, पंधरा बायकांनी मिळून केलेली माझी फजिती लिहीत होतो. बायकोला फोन लावला. ती एवढी हसली की परभणीची शाखा थांबली असेल.

"अहो, तुम्हाला आत्ता कळलं? चहा शिकवतानासुद्धा मी एक गोष्ट राखलीय."

"कोणती?"

"ती सांगितली तर मी परत कशाला येऊ?"

मावशींनी सुनेलाही सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "शेवटचं सांगितलं भाऊ, की आपण चुलीपुढनं उठायचं. सून वाईट नाय माझी. पण उठून जाऊ कुठं? इथं ना आंगण, ना रान." म्हणून भाजणं नेहमी सून शाळेत गेल्यावर, दार लावून.

पुढच्या वर्षीही पाऊस तसाच चुकारतट्टू. उन्हाळ्याच्या तोंडाला मावशींना ताप आला. आठ दिवसांनी उतरला. त्या पुन्हा कामाला लागल्या आणि एका दुपारी मी जिना उतरत असताना करपल्याचा असा काही भपका आला की मला वाटलं, आग लागली. दार ढकललं. खोली धुरानं भरलेली, कढईत डाळ काळीठिक्कर, आणि मावशी शेजारी शांत बसून उलथनं फिरवतायत!

मी धावत जाऊन गॅस बंद केला. "मावशी! करपलं सगळं!"

त्यांनी कढईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "वास येतोय का?"

"वास? अहो, हर्सूलपर्यंत गेला असेल!"

"मला नाय येत," त्या म्हणाल्या. "तापापास्नं कशाचाच नाय येत. मला वाटलं, डोळ्यापुढं अंधारी येतीय. धूर व्हय तो?"

येसर कधी उतरवायचा हे घड्याळ सांगत नाही, रंगही सांगत नाही. नाक सांगतं. मावशींचं तेच गेलं होतं, आणि चार दिवसांवर हर्सूलच्या एका लग्नघराची मोठी मागणी होती. तो येसर फसला तर आख्ख्या वऱ्हाडासमोर फसणार होता. एका दुपारी नाव बुडालं असतं.

"सुनेला सांगू या," मी म्हणालो.

"नाय." मावशींनी कढई खाली उतरवली. "तुमी बसा नाक म्हणून."

"मी?"

"तुमच्याशिवाय दुपारचं घरी कोण पुरुष रिकामा हाय?"

माझ्या कचेरीची वेळ सकाळची होती, त्यामुळं मला हे मान्य करणं भाग पडलं. "मावशी, म्हणजे मला ती राखलेली गोष्ट कळणार. शपथ घेतो, कुणाला सांगणार नाही. लिहिणार तर मुळीच नाही."

तापानंतर मावशी पहिल्यांदा मनापासून हसल्या. "लिहा की! तुमचं आता खरं कोण मानतंय?"

मला वाटलं होतं, मी माझी प्रतिष्ठा पणाला लावतोय. ती कधीच गेली होती आणि हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सून शाळेत गेल्यावर मी खाली गेलो आणि दारातच थबकलो. फरशीवर जुनं धोतर अंथरलेलं, त्यावर ज्वारी, गहू, डाळ. सगळं ओलं! हात लावला तर गार.

"हे काय? धान्य धुतलंत?"

मावशी धोतरावरचे दाणे पसरत राहिल्या.

"मावशी... हेच?"

"दोन पाण्यानं धुवायचं. सावलीत वाळवायचं, पण पुरतं नाय. आत ओल ऱ्हायली पाहिजे. मंग भाजलं की दाणा फुलतोय आन आमटीत पीठ खाली बसत नाय."

म्हणजे कोरड्या मसाल्याचं गुपित पाणी होतं. ज्या गल्लीत लोक आंघोळीचं पाणी फरशी पुसायला आणि फरशीचं पाणी झाडाला घालत होते, तिथं ही बाई दाणे धूत होती. आणि ते पाणी दोन वर्षं जिन्यावरून वाहून आणणारा गाढव कोण, हे मी सांगायची गरज नाही.

मी कढईशेजारी बसलो. मावशी हलवत होत्या, मी हुंगत होतो. पहिल्यांदा ओल्या मातीचा वास. मग उकडलेल्या कणसाचा. "आता?" त्या विचारायच्या. "अजून कणीसच आहे." "आता?" "आता भाकरी." "थांबा." आणि मग क्षणभर, एकच क्षण, भाकरीच्या पापुद्र्याचा खमंग. "उतरवा!" मी असा ओरडलो की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. प्रत्येक जिन्नसाला हेच नाटक. संध्याकाळी मला घरातल्या साबणालाही दगडफुलाचा वास यायला लागला.

येसर हर्सूलला गेला. मावशींना चवही धड कळत नव्हती, त्यामुळं आम्ही दोघं परीक्षेच्या निकालासारखे बसलो. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी वरमाई स्वतः आल्या. जिना चढल्या, पाणी प्यायल्या, पदरानं घाम पुसला. "मावशी, येसराचं सांगायला आले," म्हणाल्या आणि थांबल्या. माझं काळीज कुकरसारखं वाजत होतं. "काय सांगू? नेहमीसारखाच. पाहुणे नुसती आमटी वाटीनं प्यायले. अजून दोन किलो द्या."

मावशींनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. डबा काढायला आत गेल्या. त्यांची पाठ मात्र ताठ होती.

मग मी लिहिलं. मावशींच्या परवानगीनं, सगळं. दोन पाणी, सावली, आतली ओल, कणसाचा वास, भाकरीचा वास. एक अक्षर न राखता. आणि लोकांनी मला असं झोडलं म्हणून सांगू! "काका, मराठवाड्यात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही ज्वारी धुवायला सांगता?" "काका, मागच्या वेळी पातेलं तपासायला सांगितलंत, आता टाकी तपासू का?" "या वेळी काय राखलंय ते आधी सांगा." एकानंही करून पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण खरं लिहिलं होतं.

संध्याकाळी मावशींनी सुनेला ते मोठ्यानं वाचायला लावलं. मीही तिथं होतो. सून एकेक टोमणा वाचत होती, मावशी टाळ्या देत होत्या. "अजून वाच, अजून!" सून हसत हसत फोनच्या पडद्यावर वर सरकली, मूळ लेख वाचायला लागली आणि 'दोन पाण्यानं' या शब्दांवर थांबली. तिनं कोपऱ्यातल्या हंड्यांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग फोन बंद करून ती कुकर लावायला गेली. मावशींचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

रविवारी सकाळी माझ्या दारावर थाप. उघडलं तर मावशी! दोन वर्षांत त्या कधी वर चढल्या नव्हत्या. गुडघे धरून उभ्या, श्वास लागलेला.

"भाऊ, माझी सून जवारी धुतीय."

सगळ्या जगात एकाच माणसानं माझं खरं मानलं होतं, आणि नेमकं सुनेनंच. "मावशी, मी..."

"चला खाली."

आम्ही उतरलो. मावशी प्रत्येक पायरीवर थांबत होत्या आणि मला वाटत होतं, मी एका बाईला चुलीपुढून उठवलंय आणि आता तिचा हात धरून तिला तेच दाखवायला नेतोय.

सून कढईपुढं होती. शेजारी पाट मांडलेला. "आत्या, बसा," ती म्हणाली, जणू रोजचंच.

"तुला सांगितलं कुणी?" मावशी उभ्याच.

"परवा दूध करपलं आणि तुम्ही शेजारी बसून मटार सोलत होतात. तेव्हाच कळलं मला. म्हटलं, सांगतील. तुम्ही मला सोडून काकांना सांगितलंत! काकांना! निदान एखादं शहाणं माणूस तरी बघायचं होतंत." ती रडत होती की धूर होता, मला कळलं नाही. "मला वास येतो, पण तो कसा पाहिजे ते कुठं माहीत आहे? बसा ना."

मावशी बसल्या. मग सून म्हणाली, "आता मातीचा येतोय."

मावशींनी पाट कढईजवळ ओढला.

"आता कणीस. आत्या, कणीस येतंय."

"गोड येतंय का कच्चं?" मावशींनी डोळे मिटले होते.

बघा, गोड आणि कच्चं! हे मला सांगितलंच नव्हतं! मी तोंड उघडलं, तर मावशींनी डोळे न उघडताच हात वर केला.

"भाऊ, तुमी जा आता. आज टँकर हाय न्हवं? दोन हंडे जास्तीचे लागतेल."